धरणकाकांनी पाणी सोडलं

ऑफिसात त्यांना सगळे धरणकाका म्हणत. इंटरनेटवरून सामने, भाषणं, मैफली थेट दाखवणाऱ्या कंपनीत ते इंजिनिअर होते आणि नव्याने आलेल्यांना समजावताना त्यांचा दाखला ठरलेला असे. "चित्र आणि आवाज तुकड्या-तुकड्यांनी प्रवास करतात. काही तुकडे वाटेत रेंगाळतात, काही हरवतात. हरवलेला पुन्हा मागवायचा, सगळे ओळीत लावायचे, पुरेसा साठा करायचा आणि मगच प्रेक्षकाला द्यायचं. धरण भरल्याशिवाय पाणी सोडायचं नाही!" त्यामुळे त्यांचं 'थेट' प्रक्षेपण जरा उशिराच दिसे. फुटबॉलच्या सामन्यात शेजारच्या घरातला रेडिओ आधी ओरडे आणि मग यांच्या पडद्यावर गोल होई. काकांना त्याचं काही वाटत नसे. "उशीर झाला असेल, पण अडखळलं का?" एवढंच ते विचारत.

स्वभावही तसाच. चहा हवा का, असं विचारलं की प्रश्न आत जायचा, तपासला जायचा आणि मग सावकाश उत्तर यायचं. तोवर काकू कप विसळून पालथे घालत. "यांना सकाळी विचारून ठेवावं, म्हणजे संध्याकाळच्या चहाची सोय होते," असं त्या पाहुण्यांना सांगत.

काकू गाणं शिकवत. त्यांची थोरली बहीण, ताई, दूरच्या गावी राहायची. दोघी लहानपणापासून जोडीने गायच्या. एकीने ओळ उचलायची, दुसरीने तिच्यात अलगद आवाज मिसळायचा. आता ताईच्या घशात गाठ निघाली होती. ऑपरेशननंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टर सांगेनात आणि प्रवासही करू देईनात. इकडे काकूंचा पाय प्लास्टरमध्ये.

"त्याआधी एकदा बरोबर गायचंय गं," ताई फोनवर म्हणाली. "जावईबापू जगाला सामने दाखवतात. दोन म्हाताऱ्यांचं गाणं नाही का जमणार?"

काकांनी ते मनावर घेतलं. उत्तम माइक, उत्तम हेडफोन पाठवले. ताईच्या सुनेने ते सांगितल्याप्रमाणे जोडले. दोन्हीकडे काकांनी आपलं धरण बांधलं. आवाज असा स्वच्छ, की ताईने गिळलेला आवंढाही ऐकू यावा.

गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला भांडण.

"ताई, मागे पडतेयस."

"मी? तूच रेंगाळतेयस. जुनी खोड आहे तुझी!"

काकू तिच्यासाठी थांबल्या, तर तिकडे ताईही थांबलेली. दोघी गाताहेत की एकमेकींची वाट पाहताहेत, तेच कळेना. शेवटी ताईने हेडफोन काढून ठेवला.

काका मात्र खचले नाहीत. दोन्हीकडचं रेकॉर्डिंग घेऊन त्यांनी एकीची ओळ न् ओळ सरकवून दुसरीच्या ओळीवर नेमकी बसवली आणि काकूंना ऐकवली. "घे. एक अक्षर हरवलेलं नाही."

काकूंनी डोळे मिटून ऐकलं. "छान आहे. कोणी गायलंय?"

"म्हणजे काय? तू आणि ताईंनी!"

"आम्ही नाही गायलो. तुम्ही चिकटवलंयत. अहो, मी गात असताना ती मला ऐकू यायला हवी. नंतर घेऊन काय करू?"

यावर काकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी जेवताना आलं. "धरण काढतो. पण आवाज तुटेल. हरवलं ते परत यायचं नाही."

"न येऊ दे."

दुसरी एक पद्धत होतीच. तुकडा पाठवायचा आणि विसरायचा. पोहोचला का, हे विचारायचं नाही आणि हरवला तर मागे वळायचं नाही. फोनवरचं बोलणं असंच धावतं. काका आजवर तिला 'टाकून पळणं' म्हणत आले होते. आता त्यांनी स्वतःच्या हातांनी तीच लावली. वायफाय सोडून दोन्हीकडे तार जोडली, चित्र बंद केलं, आवाज साफ करणारी यंत्रणासुद्धा काढली, कारण तीही विचार करायला क्षणभर थांबायची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोघी गायल्या. मध्येच खरखर, मध्येच अर्धं अक्षर गायब. प्रत्येक तुटीला काका खुर्चीतून अर्धे उठत. शेवटी त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले. ताईचा सूर जिथे तुटे, तिथे काकू तो उचलून पलीकडे नेत आणि तिकडे ताई बहुधा तेच करत होती. कुणीही कुणाला मागे पडलीस म्हणालं नाही. शेवटचा स्वर दोघींनी मिळून धरला आणि मिळूनच सोडला.

काकूंनी पदराने डोळे टिपले. "कसं झालं हो?"

"बेसूर होतं जरा," काका ताडकन म्हणाले आणि स्वतःच दचकले.

काकू बघतच राहिल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा वेळेवर उत्तर दिलंत, आणि तेही हे?"

काका काही बोलणार, तोच हेडफोनमधून ताईचा घोगरा, हसरा आवाज आला, जराही उशीर न होता:

"जावईबापू, ऐकलं हं मी!"