बोअरच्या पाण्यातल्या चिंबोऱ्या

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात देवचंदनाना तोलाईचं काम करतात. पण गल्लीत त्यांचं नाव आहे ते खेकड्यांमुळे. नदीकाठच्या बिळात कोपरापर्यंत हात घालून ते खेकडा असा बाहेर काढतात, जणू खिशातून तंबाखूची पुडी काढताहेत. बोटांवरचे नांग्यांचे वण ते कुणी न विचारताही दाखवतात.

लेक मृणाली दिली दापोलीकडे. यंदा डिसेंबरात जावई प्रशील आणि त्याची आई पहिल्यांदाच मुक्कामाला आले. विहीणबाईंनी ओल्या गोणपाटात गुंडाळून खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे तिकडचे खेकडे, आणल्या होत्या. ताटलीएवढ्या, नांग्या सुतळीने बांधलेल्या.

"अमावास्येच्या आहेत, मांसाने भरलेल्या," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पाहुण्याला याच्यावरचा मान नाही. मेलेली मात्र कुणी चुलीवर चढवत नाही हो. संध्याकाळी मी करते कालवण. तोवर गोणपाट ओलं ठेवा, पाण्यात नका टाकू."

नानांनी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे ऐकणं, असा नानांच्या घरात रिवाज नाही.

पाहुणे मृणालीबरोबर बुद्धविहारात गेले आणि नानांनी गोणपाट उघडलं. चिंबोऱ्यांच्या तोंडाला फेस आलेला. नानांचा जीव कळवळला. त्यांनी टब ओढला, बोअरचा नळ सोडला.

नानांच्या पत्नी केसरबाई धावत आल्या. "अहो, याहीनबाई काय सांगी गयात?"

"तुले काय समजस? खेकडा शे ना? मंग पाणीमाच जगी."

नदीचा खेकडा जगलाही असता. खाऱ्या पाण्यातल्या चिंबोऱ्यांना मात्र ते गोडं पाणी सोसलं नाही. उन्हं कलेपर्यंत सगळ्यांचे पाय लुळे पडले. नानांनी एकेकीला हलवून पाहिलं, उलटं करून पाहिलं, एकीवर तर फुंकरही घातली. मग टब भिंतीशी पालथा घातला, चिंबोऱ्या परत गोणपाटात भरल्या आणि वर पहिल्यासारखीच गाठ मारली.

संध्याकाळी ओट्यावर अर्धी गल्ली जमली. आवतण नानांनीच दिलेलं. विहीणबाईंनी गाठ सोडली आणि त्यांचा हात थांबला. कुणी काही विचारायच्या आतच नाना बोलून गेले, "लांबचा प्रवास, याहीनबाई. माल जरा शिळाच भेटला वाटतं तुम्हाले."

विहीणबाईंनी एक चिंबोरी उचलली. तिच्या कवचातून स्वच्छ पाण्याची धार लागली. त्यांनी पालथा टब पाहिला, मग नानांकडे पाहिलं.

"हो, माझंच चुकलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "गाडीत उकाडा फार होता."

बोलताना त्यांनी अंगावरची शाल घट्ट ओढून घेतली होती.

नानांच्या कानशिलांना मिरची लागली. लेकीच्या सासूवर आळ घातला, आणि तिने तो मुकाट्याने झेललाही. मृणालीने टबाकडे पाहिलं, बापाकडे नाही.

घाईघाईने वांगी भाजली, भरीत झालं. पंगतीत शेजारचा सुकदेव गळ्यात मफलर गुंडाळून बसला होता. त्याच्या तोंडाला मात्र कसलंच बंधन नव्हतं. "याहीनबाई, आमना नानाकडे शिकाले या. खेकडा कसा जपाना, बठ्ठा दाखाडतीन!"

"येईन की," त्या हसून म्हणाल्या.

मृणाली भाकरीची परडी घेऊन पंगतीत वाढत होती. नानांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"सुकदेव, गप बस," ते म्हणाले. "त्या चिंबोऱ्या मीच पाणीमा टाक्यात. बोअरना पाणीमा. मरी गयात, तवय परत गोणपाटमा भऱ्यात. याहीनबाईनी काहीच चूक नही."

मग विहीणबाईच म्हणाल्या, "देवचंदभाऊ, पुढल्या खेपेला तुमचा नदीचा खेकडा द्या. मी त्याला समुद्रात पोहायला सोडते."

पंगत खदखदून हसली. सुकदेवला ठसका लागला. नानाही हसले, पण सगळ्यांच्या मागून, ताटात बघून.

मृणाली हसली नाही. सासूला वाढून, भाकरी घेऊन ती बापासमोर येऊन उभी राहिली. कुठल्याही बिळात बेधडक जाणारा तो हात नानांनी ताटावर आडवा धरला आणि तिचे पाय पुढच्या पानाकडे सरकेपर्यंत मान वर केली नाही.