डावीकडे तीन सूत

गाठींना हंगाम असतो असं मी म्हटलं की लोक हसतात. हसू देत. मुलुंड पूर्वेला पंचवीस वर्षं मी बायकांचे ब्लाउज शिवतेय. आंबा कधी येतो ते फळवाल्याला विचारावं आणि गाठी कधी येतात ते मला. चैत्र-वैशाखात एखाददुसरी. श्रावण लागला की मात्र टेप फिरवताना बोटांना रोज काहीतरी लागतं. कुणाच्या काखेपाशी लोंबणारी चामखीळ, कुणाच्या दंडावर मऊ गोळा, कुणाच्या मानेमागे वाटाणा. दिवाळीपर्यंत हा बहर चालतो.

शिंपिणीचा धर्म असा, की हाताला लागलेलं तोंडावर आणायचं नाही. सासूबाईंनी मला शिलाई मशीन दिलं ते या अटीवर. गिऱ्हाइकाची एक बाजू उंच असेल तर तिथे गुपचूप कापड सैल सोडायचं, आरशात ती सरळ दिसली पाहिजे. या कलेत मी उस्ताद आहे, खोटं कशाला बोलू. गेल्या वर्षी हीच कला माझ्या गळ्याशी आली.

शेजारच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका राहतात, एकट्या. माझ्या दोन्ही मुलांना गणित त्यांनीच शिकवलं, म्हणून मलाही त्या ‘बाई’च. कितीतरी बायका मापाचा जुना ब्लाउज टाकून पळतात. बाईंना ते मंजूर नाही. "मागच्या वर्षीची पाठ या वर्षी तेवढीच आहे कशावरून?" असं म्हणत दर गौरींच्या आधी त्या माझ्यासमोर हात पसरून उभ्या राहतात, शाळेच्या कवायतीत उभं राहावं तशा.

गेल्या वर्षी मी पाठीवरून टेप नेला आणि डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली बोट अडलं. अडणार हे मला ठाऊक होतं. पहिल्या वर्षी तिथे चिंचोका होता. मग बोर, मग सुपारी. आता लिंबू म्हणावं असं काहीतरी होतं.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "हल्ली खुर्चीत टेकलं की तिथे काहीतरी जाणवतं गं. बघ बरं, काही आहे का?"

"जुन्या ब्लाउजची शिवण जाड झाली असेल, बाई."

ती शिवण माझीच. म्हणजे खोटं तर बोललेच, वर स्वतःच्या कामाला नावंही ठेवली.

त्या गेल्यावर मी मापांची वही काढली. चार वर्षांची चार पानं. पाठ, मुंढा, बाही, आणि खाली माझ्याच बारीक अक्षरात, इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत या हिशेबाने: डावीकडे एक सूत जास्त. दीड सूत. दोन सूत. आता तीन लिहायचं होतं. पेन हातात धरून बसले. ही गाठ वाईट निघाली तर? पहिल्याच वर्षी चिंचोका असतानाच मी तोंड उघडलं असतं तर? दुपारी एका नव्या नवरीच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मग मात्र मशीनवर कापड टाकलं आणि सरळ बाईंच्या घरी गेले.

मी गाठीचं सगळं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं.

"किती वर्षं?"

"चार."

"आणि मला शिवण सांगितलीस."

"हो."

"उद्या दहाला माझ्याबरोबर यायचं. वही घेऊन."

घाटकोपरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी गाठ चेपून, हलवून पाहिली आणि विचारलं, "कधीपासून आहे?" बाई म्हणाल्या, "हिला विचारा." परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलीसारखी मी वही पुढे केली. डॉक्टर पानं उलटत राहिले. म्हणाले, "दरवर्षी याच महिन्यात नोंद? माझ्याकडेही सणांच्या तोंडावर अशा गाठींची रांग लागते. उन्हाळ्यात घामाने लाल होऊन दुखणाऱ्या येतात, त्या वेगळ्या. या वर्षभर असतातच, पण ब्लाउजचं माप देताना सोडलं तर एरवी पाठीवर हात कोण फिरवतो?" मग ते गंभीर झाले. "चरबीची साधी गाठ वाटते. पण वाढली आहे. काढून तपासायला पाठवू."

गाठ काढून तपासणीला गेली आणि ‘वाटते’ या शब्दावर मी दहा दिवस काढले. आमच्या घरात गणपतीची तयारी चालली होती आणि मी मोदकाचं सारण दोनदा करपवलं. बाईंचं कापड टेबलावर घडी करून ठेवलेलं. त्याला कात्री लावायची हिंमत होईना. डाव्या बाजूला किती सोडायचं? आणि बाई हा ब्लाउज घालायला राहतील ना, हा विचार आला की मी उठून उगाच शिलाईचे दोरे रंगांप्रमाणे लावत बसे. येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या पाठीला हात लावायचीच भीती वाटू लागली. दोघींना तर मी मापाचा जुना ब्लाउजच द्या म्हणून परत पाठवलं.

अकराव्या दिवशी बाई दुकानात आल्या. कागद टेबलावर ठेवला. साधी चरबीची गाठ, बाकी काही नाही. मी तो दोनदा वाचला आणि खुर्चीत बसले. बाईंनी मला पाणी दिलं, माझ्याच दुकानात, माझ्याच बाटलीतलं.

"चार वर्षं मला वाटत होतं, या वयात माझी पाठ किती सरळ आहे," त्या म्हणाल्या. "सगळी तुझी करामत. ऊठ. माप घे."

मी उठले. टेप पाठीवर ठेवला.

"गप्प राहायचं नाही," बाई म्हणाल्या. "हाताला जे लागेल ते मोठ्याने सांग."

"डावीकडे टाक्यांचा व्रण. अजून थोडा वर आलाय."

"पुढे."

"उजवा खांदा जरा खाली आहे."

"पुढे."

मी टेप मानेकडे नेला. "मानेमागे एक चामखीळ आहे, बाई. बारीक."

"ती लग्नाच्या आधीपासूनची आहे," बाई म्हणाल्या. "लिहून घे."