म्हशीला लागू नसलेलं कलम

दुपारी आम्ही दोघं नवराबायको सोप्यात शेंगा फोडत बसलो होतो. जोडीनं केलेलं शेवटचं काम तेच.

रविवारी बुद्धविहारात तिला बायकांपुढं बोलायचं होतं. घटना लिहिताना काय काय अडचणी आल्या, असा विषय. ती सातवी शिकलेली, मी चौथीतनं शाळा सोडलेला. सराव माझ्यापुढं चाललेला.

"देश नवा," शेंगा फोडतच ती म्हणाली, "कुणावर इंग्रजाचं राज्य, कुणावर आपल्या कोल्हापुरागत राजाचं. बोली येगळी, देव येगळा. फाळणीत घरंदारं सोडून आलेली माणसं रस्त्यावर. अन् ह्या समद्यास्नी लागू पडंल असं एक पुस्तक लिवायचं."

"त्यात काय अवघड? चार शिकलेली माणसं बसवायची, लिवून घ्यायचं."

"व्हय? मग आपल्या घरापुरतं एक कलम सांगा बघू."

मी म्हटलं, "घरात समदी सारखी."

"धार कोण काढणार?"

"तू."

"मग सारखी कशी ओ?"

"म्हस तुलाच पान्हा सोडती. मी बसलो की लाथ मारती. जा, तिला वाचून दाखीव तुझी घटना."

हसता हसता तिच्या ओटीतल्या शेंगा सांडल्या. त्या तिनं गोळा केल्या. मग म्हणाली, "कलमातनं सवलत पायजे तर कारण लिवा. म्हस ऐकत न्हाय, हे कारण चालंल?"

"चालंल की."

"मग घटना लिवायच्या बैठकीत बी कोण तरी म्हणलं असंल, आमच्याकडची माणसं ऐकायची न्हाईत, आमाला सोडा. आपल्या आज्ज्याला पाणवठ्यावर येऊ न देणारी बी हेच म्हणत हुती, गाव ऐकत न्हाय."

मी विचारलं, "मग लिवायचं काय?"

"ते मला बी कळंना. उद्या बघू. तवर तुमचं कलम कच्चं."

तिन्हीसांजेला ती धार काढून, डेअरीला दूध घालून आली. चुलीपुढं बसली आणि छातीत कळ आली म्हणाली. गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं.

लेक पुण्याहून यायची होती, म्हणून माती सकाळी ठरली. माणसं येत होती, कोण काय बोललं ध्यानात नाही. माझ्या डोक्यात ते कलमच. बोलणं अर्धं राहिलं, आणि बोलणाऱ्या दोघांतलं एक माणूस गेलं, तर ते मंजूर धरायचं का नामंजूर? ते मोठं पुस्तक लिहितानाही मध्येच कोणी गेलं असेल. त्याचं मत कुठल्या बाजूला घातलं असेल? कुणाला विचारावं? जिला विचारायचं ती तर आत निजलेली.

उजाडलं तशी म्हस रेकायला लागली. कास तटतटलेली. शेजारीण म्हणाली, "मामा, तुमी बसा, मी बघते." तिलाही लाथ बसली.

धार काढणारी बाई नसली की तिचं लुगडं अंगावर घेऊन म्हशीखाली बसायचं, अशी आमच्याकडं रीत आहे. वासानं जनावर फसतं. एरवी मला कुणी हे सांगितलं असतं तर मी शिवी हासडली असती.

खुंटीवर तिचं नेसूचं लुगडं होतं. मातीला आलेली माणसं अंगणात उभी होती. त्यांच्या देखत मी ते डोक्यावरून घेतलं, चरवी गुडघ्यांत धरली आणि म्हशीखाली बसलो.