सितारामचा अंगठा

दिवाळे गावच्या गोजराबाईने तीस वर्षं बेलापूरच्या खाडीकाठी होड्यांतली मासळी उतरवली आणि टोपलीत घालून विकली. नवरा सिताराम वारला तरी तिने होडी मोडीत काढली नाही. मुलगा खाडीत जाई, बंदर ती सांभाळी.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात बंदरावर डंपर बांधकामाचं राबिट ओतायला लागले. होड्या लावायच्या जागी विटांचे तुकडे आणि फुटकी संडासाची भांडी. त्यात पाय कापून घेत बायका मासळी उतरवत. गोजराचा दीर गोटीराम मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. तिने विचारलं, तर म्हणाला, "बघतो मी."

पंधरवड्याने नाकाला रुमाल लावून एक साहेब नकाशा घेऊन आले. इथे बगीचा होणार म्हणाले. गावाने लिहून दिलंय, बंदर वापरात नाही.

गोजराची सून वैशाली दहावी शिकलेली. तिने कागद मागून घेतला, खालची नावं वाचली आणि थबकली.

"आई, बाबांचा पन अंगठा हाय."

सितारामला जाऊन सहा वर्षं झाली होती.

 गोजरा तडक दिराच्या घरी गेली. तो जेवत होता.

"मेलेल्या भावाचा अंगठा कोनी लावला?"

"वयनी, गावाच्या भल्याचंच केलं. फ्लॅटवाल्यांना वास येतो. तक्रारी होतात."

"आनि तुझ्या ताटान काय हाय?"

ताटात बोईचं कालवण होतं; ती मासळी सकाळीच त्याच बंदरावर उतरलेली. गोटीरामने घास गिळला, घोटभर पाणी घेतलं आणि आणखी भात मागितला. ते बघून गोजराला शिसारी आली. त्या घरचं पाणी तिने पुन्हा घेतलं नाही.

साहेब बगीच्यासाठी जागा मोजायला आले त्या दिवशी बायकांनी भरतीच्या पाण्यात सगळ्या होड्या बंदरावर आडव्या लावल्या. गोजराने नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला साहेबांपुढे धरला. साहेबांनी तो वाचला, आपला कागद घडी घालून खिशात ठेवला. अंगठा कोणी लावला, हे कोणीच विचारलं नाही.

वर्षभर कचेऱ्यांत खेटे घालून कोळ्यांना तीस पावलं बंदर मिळालं. उरलेल्या जागेवर बगीचा झाला. नारळ फोडायला चेअरमन म्हणून गोटीरामच उभा होता, आणि ज्या गावकऱ्यांचे अंगठे त्याने परस्पर लावले होते ते टाळ्या वाजवत होते. गोजराला त्यांचीही किळस आली.

तीस पावलांत एका वेळी दोनच होड्या लागतात. बाकीच्या पाण्यात ताटकळतात, तोवर उन्हाने मासळी मऊ पडते. गोजरा ती चिवडून वेगळी काढते, खाडीत फेकते आणि पुढच्या होडीचा दोर ओढते.