ट्रॅक्टरवरून बोलणारी बाई

आमच्या गावात गिटार न येणारी मी एकटीच आहे. बाकीच्यांनी कधी हातात धरलेली नाही, त्यामुळे त्यांचं अजून सिद्ध व्हायचंय. माझ्याबद्दल मात्र आता कुणालाच शंका नाही. सगळ्या गावाने स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि तेही ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चार दणदणीत स्पीकर-बॉक्सवरून.

मी शिरवळला एका कंपनीत नोकरी करते. पट्ट्यावरून डबे येतात, मी बघते, वाकडा डबा बाजूला ठेवते. (डबे नाव-गाव विचारत नाहीत, म्हणून ही नोकरी मला फार आवडते.) गिटारचा क्लास लावायचा म्हणून मी एकदा क्लासच्या दारापर्यंत गेले होते. आत एक सर बसलेले दिसले. सर म्हणजे माणूस. माणूस म्हणजे 'या, बसा' म्हणणार. मी जिन्यावरूनच परत फिरले आणि मोबाईलवर अॅप घेतलं.

त्या अॅपमध्ये एक बाई आहे. दिसत नाही, नुसती इंग्रजीत बोलते. फोन समोर ठेवायचा, आपण वाजवायचं, बाई ऐकते. जमलं तर म्हणते, 'परफेक्ट!' नाही जमलं तर, 'ऑलमोस्ट! लेट्स ट्राय अगेन.' मी इंग्लिश मीडियमची, त्यामुळे 'ऑलमोस्ट'चा खरा अर्थ मला माहीत होता. आमच्या शाळेतल्या मिस नापास मुलांशी असंच गोड बोलायच्या.

हा सगळा खटाटोप पप्पांसाठी चालला होता.

पप्पा फौजेत. मी लहान असताना त्यांचा फोन आला की आई तो माझ्या कानाला लावायची आणि मी भिंतीकडे बघत बसायची. ते विचारायचे, "जेवलीस का?" मी मान हलवायची. (मान हलवलेली फोनवर दिसत नाही, हे मला बरंच उशिरा कळलं.) शेवटी त्यांनी प्रश्न सोडून दिला आणि शिट्टी वाजवायला लागले. छोटीशी चाल, टेकाड चढून उतरल्यासारखी, त्यांची त्यांनीच केलेली. मला शिट्टी यायची नाही, म्हणून मी इकडून फुंकर मारायची. मग आई म्हणायची, "झालं बापलेकीचं बोलणं? आन फोन हिकडं." मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले, तरी आमचं बोलणं शिट्टी आणि फुंकर एवढंच राहिलं.

आणि आता पप्पा रिटायर होऊन कायमचे घरी येणार होते. मला आनंद झाला होता, पण एक प्रश्नही पडला होता. रोज समोरासमोर बसून यांच्याशी बोलायचं काय? तेव्हा ठरवलं, पहिल्याच संध्याकाळी ती चाल गिटारवर वाजवून दाखवायची. घरात, दार लावून, फक्त पप्पा आणि आई. एकही शब्द न बोलता सगळं सांगून होईल!

अॅपमध्ये आपली चाल ऐकवून तिचा धडा करायची सोय आहे. मी पप्पांची एक जुनी व्हॉइस नोट बाईला ऐकवली. बाई 'वन, टू, थ्री, फोर' म्हणणार, टकटक ठोका देणार आणि मी वाजवणार. शिरवळच्या खोलीत रोज संध्याकाळी मी 'ऑलमोस्ट' होत राहिले. कुणाला पत्ता लागू दिला नाही. गावी येताना गिटार गोधडीत गुंडाळून आणली. आईने विचारलं, हे काय. मी म्हटलं, रजई. आईने रजईकडे बघितलं, रजईच्या लांब मानेकडे बघितलं, आणि भाकरी थापायला गेली.

आमच्याकडे फौजी रिटायर झाला की गाव त्याला गुपचूप घरी जाऊ देत नाही. आष्ट्याच्या रस्त्यापासून वाजतगाजत मिरवणूक निघते. माझा चुलतभाऊ विशालदादा याचा ट्रॅक्टर अशा वेळी मानाचा. कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला इंजिन असतं, पण दादाच्या मते मुख्य भाग म्हणजे बॉक्स. त्या सकाळी ट्रॉलीला झेंडूच्या माळा लागल्या आणि दादाने माझ्यापुढे हात केला. "तुझा फोन दे. माझ्यावर शूटिंग करायचंय, गाणी तुझ्यावरनं लावतो." माझा फोन ब्लूटूथने ट्रॅक्टरला जोडला गेला. या घटनेकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

मिरवणूक मारुतीच्या देवळासमोर थांबली. ट्रॉलीत खुर्चीवर पप्पा, कानापर्यंत हार. शेजारी नव्या साडीत आई. पुढच्या रांगेत छातीवर मेडल लावलेले माजी सैनिक. पप्पांशेजारी उभ्या सरपंचांचा माईकही ट्रॅक्टरच्याच बॉक्सला जोडलेला. दादाने गाणी बंद करून फोन मला परत दिला आणि भाषणं सुरू झाली.

भाषणं सुरू असली की माझ्याकडे कुणी बघत नाही, हा माझा आवडता काळ. घर पाहुण्यांनी भरल्यामुळे मी सकाळीच गिटार देवळाला लागून असलेल्या अंगणवाडीच्या खोलीत ठेवली होती. (काकू तिथे सेविका आहे, त्यामुळे किल्ली घरचीच.) म्हटलं, शेवटचा सराव करून घ्यावा. पत्र्याचं दार लावलं, बिनवायरचे इअरफोन कानात घातले, अॅप चालू केलं. बाईचा आवाज आला. जरा लांबून आल्यासारखा वाटला, म्हणून वाढवला. तसा खरंच वाढला! आज आवाजात घुमारा पण छान होता. मी आवाज पूर्ण वर नेला आणि वाजवायला बसले.

बाहेर काय झालं ते मी नंतर दादाच्या व्हिडिओत बघितलं.

सरपंच म्हणाले, "आपल्या गावचं नाव ज्यांनी सीमेवर..." आणि बॉक्समधून आवाज आला, "वन, टू, थ्री, फोर." पाठोपाठ टक, टक, टक, टक. पहिल्या रांगेत सुभेदार आबा बसतात. त्यांना कमी ऐकू येतं, पण ठोका कळतो. त्यांना वाटलं राष्ट्रगीत सुरू होतंय. ते उठून सावधान उभे राहिले. ते उठले म्हणून रांग उठली, रांग उठली म्हणून गाव उठलं. सरपंच माईक छातीशी धरून ताठ. इकडे खोलीत मी तिसऱ्या तारेऐवजी दुसरी छेडली.

"ऑलमोस्ट! लेट्स ट्राय अगेन."

गाव बसलं. सरपंच म्हणाले, तर मी सांगत होतो. बाई म्हणाली, वन, टू, थ्री, फोर. आबा उठले. गाव उठलं! असं होता होता शेवटी सरपंचांनी माईकमध्येच विनवलं, "आबा, बसा की. राष्ट्रगीत शेवटाला हाय."

"मग ही बाई सारखी सुरू का करतीया?" आबा म्हणाले.

सरपंचांनी जरा घाईनेच पुढचं वाक्य घेतलं, तर बाई म्हणाली, 'अ लिटल स्लोअर, प्लीज.' आणि सरपंच खरंच सावकाश बोलायला लागले!

तोवर दादाने ट्रॅक्टरच्या निम्म्या वायरी उपसल्या होत्या. मग त्याने ट्रॅक्टरच्या टेपच्या पडद्यावर जोडलेल्या फोनचं नाव वाचलं. पुढच्या क्षणी माझ्या पत्र्याच्या दारावर अशी थाप पडली की दोन्ही इअरफोन कानातून गळाले.

"सायले, फोन बंद कर! सगळं गाव उठाबशा काढतंय!"

मी दार उघडलं. गळ्यात गिटार, समोर अख्खं गाव. मला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं, पण समोर नुकताच नवीन कोबा केला होता.

पप्पांनी आईला विचारलं, आणि ते सरपंचांच्या माईकमधून सगळ्यांना नीट ऐकू गेलं, "ही आपली सायली हाय?"

"व्हय," आई म्हणाली, "रजई वाजवायला शिकलीया."

पप्पा माझ्याकडे बघत म्हणाले, "ये वर."

हुकूम तो हुकूम. मी ट्रॉलीत चढले आणि घाबरून, रोजच्या सवयीने, फोन पायाशी ठेवून धडा चालू केला. फोन अजून ट्रॅक्टरलाच जोडलेला. बाईने चार आकडे म्हटले, आबा अर्धे उठले, शेजारच्याने त्यांचा शर्ट ओढून खाली बसवलं. मी सुरुवात केली. चढण बरी झाली. उतारावर बोट घसरलं.

"ऑलमोस्ट!" ट्रॅक्टर म्हणाला.

बायकांच्या घोळक्यातून शेजारच्या शांताकाकूंनी सरळ बॉक्सलाच झापलं, "आगं बये, पोरीला धड वाजवू तर दी. मघापासनं नुस्ती टोकतीया!"

मी परत सुरुवात केली. या खेपेला बोटं तारेवर टेकली आणि तिथेच राहिली. बाईचा ठोका चाललाय, आणि मी ट्रॉलीच्या फळीवरचा खिळा बघत उभी. एवढ्या दिवसांची मेहनत, आणि पप्पांसमोर आज पुन्हा ती भिंतीकडे बघणारी मुलगीच!

तेवढ्यात हारांच्या ढिगातून शिट्टी आली.

पप्पा सगळी चाल वाजवत होते, चढ आणि उतार, कुठेही न अडखळता. संपल्यावर थांबले. मला काही सुचेना, म्हणून मी फुंकर मारली.

आणि बॉक्स गरजले, "परफेक्ट! थ्री स्टार्स! यू आर अ नॅचरल!"

मग जो दंगा झाला, त्यात काही ऐकू येत नव्हतं. आबांनी धोका नको म्हणून उभं राहून सॅल्यूट ठोकला. पप्पा हार सावरत वाकले आणि माझ्या कानात म्हणाले, "जेवलीस का?" मी मान हलवली. या वेळी ती त्यांना दिसली.

अॅपमध्ये ते तीन स्टार माझ्या नावावर जमा झालेत. बाईने मला एकदम वरच्या वर्गात घातलंय, आणि तिथले धडे माझ्या बोटांना अजिबात झेपत नाहीत. म्हणून सुट्टीला गावी आले की मी आणि पप्पा फोन पुढे ठेवून बसतो. मी तारा छेडते, ते शिट्टी घालतात, बाई खूश होते. कुणी विचारलं तर आई सांगते, आमच्याकडं दोघं गिटार शिकतात, एक वाजवतं आणि एक पास होतं.