एका गोळीच्या तीन पाळ्या

दवाखान्यात औषधांपेक्षा किस्से जास्त साठतात. औषधांना निदान एक्स्पायरी तरी असते! परळच्या माझ्या दवाखान्यातले निम्मे किस्से एकट्या सावंतांचे. गिरणीत साचेवाले होते, मागावर कापड विणायचे. संपानंतर गिरणी काही उघडली नाही आणि यांचं प्रेशर काही उतरलं नाही. बायको सुशीलाबाई खानावळ चालवून घर ओढत होत्या. दोघं यायचे बरोबर, पण बाकाच्या दोन टोकांना बसायचे.

*

सावंतांना प्रेशरची गोळी दिवसातून तीनदा होती. दुपारची हमखास चुकायची. एकदा तर लकवा होता होता वाचले, तेव्हापासून मला धास्तीच बसली. म्हणून मी त्यांना दिवसभर हळूहळू विरघळणारी नवी गोळी दिली. सकाळी एकच.

त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "बाई, ही एकटीच तिन्ही पाळ्या करतली? हिका युनियन नाय?"

जुन्या आता बंद, हे मी दोनदा बजावलं. पण संपात ज्या घराने भाताचं शीतसुद्धा वाया घालवलं नाही, तिथे उरलेल्या गोळ्या फेकवतात कुठे? नवीही चालू, जुन्याही चालू! आठवड्याच्या आत प्रेशर इतकं उतरलं की गडी चाळीच्या जिन्यात बसला तो उठेना. जुन्या गोळ्या मी स्वतः जाऊन घेऊन आले.

*

मग औषधाचा कारभार सुशीलाबाईंनी हातात घेतला. तरी चक्कर येतच राहिली. सकाळी घरी जाऊन बघते तर काय, बाई सहाणेवर गोळी उगाळून मधातून चाटवतायत, बाळाला मात्रा देतात तशी.

"अहो, दिवसभराचं औषध एकदम अंगात जातंय! ही तोडायची नाही, कुटायची नाही. सबंध गिळायची."

बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. लवकर गुण यावा म्हणून उगाळत होते, म्हणाल्या. मी सहाणच उचलून बाजूला ठेवली.

*

सबंध गोळी सुरू झाली, पण सावंत ते सावंत. गिरणीत कापसापाशी विडीला बंदी, त्यामुळे जन्मभर गालात तंबाखू. गोळीही सवयीने गालातच ठेवायचे आणि बोलता बोलता चावून टाकायचे. पुन्हा चक्कर. मी वैतागले आणि सुशीलाबाईंना सांगितलं, गोळी घशाखाली उतरेपर्यंत यांच्यासमोरून हलायचं नाही.

महिन्याभराने आले. प्रेशर अगदी जागेवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी निर्धास्त झाले.

सुशीलाबाई चपला घालायला बाहेर गेल्या, तसे सावंत टेबलावरून पुढे वाकले.

"बाई, संपापासून ही माझ्याशी कामापुरतीच बोलता. आता रोज सकाळी माझ्या गळ्यार हात ठेवून बसता. गोळी उतरासर."

मी म्हटलं, मग चांगलंच आहे की.

ते जरा घुटमळले. दाराकडे एकदा बघून घेतलं.

"ती तीनदा घ्यायची गोळी परत मिळात काय?"