मागच्या बाकावरचे सर

विद्यार्थ्यांचा सेमिनार असला की सर शेवटच्या बाकावर जाऊन बसत, आणि गुण द्यायचे ते आधी ऐकणाऱ्यांना. म्हणून मुलं त्यांना ‘मागच्या बाकावरचे सर’ म्हणत. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात मी इतिहास विभागाची प्रमुख होते, ते माझ्या विभागात शिकवत. इरा, परवा फोनवर तू म्हणालीस की तुमच्याकडे कुणी सेमिनार देत असलं की बाकीचे लॅपटॉपवर आपापली कामं करतात. तेव्हापासून सर डोक्यातून जात नाहीत. अद्वैत, तूही वाच, आजीचं हे पत्र तुम्हा दोघांना आहे.

जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून सर चिठ्ठ्या करत आणि प्रत्येकाला एक देत. वर आपलं नाव, खाली एक प्रश्न. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक नसेल. कोरी चिठ्ठी आली की तिच्यावर लाल शाईने ‘गैरहजर’.

एकदा एक मुलगा कुरकुरला, “सर, मी समोरच बसलो होतो!”

“तू नाही रे, तुझा शर्ट बसला होता. शर्टाला मी गुण देत नाही.”

बोलणाऱ्याने त्यातली एक चिठ्ठी निवडायची आणि पुढच्या आठवड्यात तिचं उत्तर आणायचं. त्याचे गुण तेव्हा. अंजनवेलची एक मुलगी गोपाळगडावर बोलायला उभी राहिली, तेव्हा कागदावरून मान वर करेना. “घाबरतेस कशाला गो? किल्ला तुझ्या गावचा, ह्यांतल्या निम्म्यांनी पाह्यलापण नाही,” सर मागून म्हणाले. एका चिठ्ठीत प्रश्न आला, गडावरची माणसं पाणी कुठलं पीत? पुढच्या आठवड्यात तिने तिथल्या विहिरीचं मापं घेऊन काढलेलं चित्र फळ्यावर लावलं. त्या दिवशी तिला कुणी थांबवू शकलं नाही.

मला मात्र हा सगळा पसारा वाटे. चिठ्ठ्या मोजून, फायलीला लावून ठेवाव्यात, असं मी सुचवलं होतं. सर म्हणाले, “बाई, तुमच्या फायलीत प्रश्न गुदमरतील.” ते चिठ्ठ्या बिस्किटांच्या एका डब्यात ठेवत.

मग एका सेमिनारला मी सहज जाऊन बसले. हेदवीचा एक मुलगा बोलत होता. त्याचं बोलणं संपलं, त्याने कागद मिटला, तरी सर मान हलवतच होते. कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने लगबगीने चिठ्ठ्या गोळा करून त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी त्या वाचल्या आणि मग ते त्या मुलाच्या विषयावर फार सुंदर बोलले. सरांना ऐकू येत नव्हतं, आणि ते वर्गाला माहीत होतं. मला नव्हतं.

मी त्यांना विचारायला हवं होतं. मी टाइमटेबल बदललं. सेमिनार दुसऱ्यांकडे दिले, सरांच्या नावापुढे ग्रंथालयाचे तास लिहिले आणि कागद नोटीस बोर्डावर लावला. नियमाने बरोबर होतं. सर चष्मा वर करून तो वाचत उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, अक्षर सुरेख आहे तुमचं.” त्याच वर्षी त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली.

निरोपाच्या दिवशी त्यांनी आम्हा प्राध्यापकांनाही चिठ्ठ्या वाटल्या. “आज माझा सेमिनार,” म्हणाले. मी नाव लिहिलं. तेवढ्यात शाल सापडेना, मग नाश्त्याच्या बशा कमी पडल्या. सर काय बोलले, त्यातलं एकही वाक्य मला आठवत नाही. चिठ्ठी मी तशीच घडी करून दिली.

यंदा गणपती झाल्यावर सर गेले. मी केळशीला त्यांच्या घरी गेले, तेव्हा वहिनींनी तो डबा पुढे ठेवला. “तुमच्या कॉलेजचं आहे, तुम्हीच न्या.” शेवटच्या दोन वर्षांतल्या चिठ्ठ्या लांबलचक होत्या. ‘सर, तो आत्ता म्हणाला की बंदरावरची जकात वाढली, आणि त्याने कारण दिलं नाही. म्हणून विचारते...’ पोरं प्रश्नाआधी सगळं भाषण थोडक्यात लिहून देत होती. त्यासाठी अख्खा वर्ग कान देऊन ऐकत होता. तेच सेमिनार मी काढून घेतले होते.

तळाशी माझी चिठ्ठी होती. वर माझं सुरेख अक्षरातलं नाव, खाली कोरं. मी लाल शाई शोधत राहिले. ती नव्हतीच. पेन्सिलीने, अगदी बारीक लिहिलं होतं, ‘बाई कामात होत्या.’

ती चिठ्ठी आता माझ्या टेबलावर आहे. काल नावाखाली मी प्रश्न लिहिला. ‘सर, ऐकू येईनासं झालं, तेव्हा पहिल्यांदा कुणाला सांगितलंत?’

उत्तर मला माहीत नाही. म्हणजे प्रश्न त्यांच्या नियमात बसतो.